कारागीर गेला, लॉक घसरू लागला: हस्तिदंती मुठीच्या एका घडीच्या चाकूचे प्रकरण

हे प्रकरण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरच्या चाकूचे आहे. ओळख पटू नये म्हणून मालक, कारागीर, दुरुस्ती करणारा यांपैकी कोणाचेही नाव दिलेले नाही. चाकूची मापे, खर्च आणि घटनाक्रम मात्र तपशिलात दिले आहेत, कारण सगळा प्रश्न मिलिमीटरच्या शतांशांचा होता.

पार्श्वभूमी

मालक तेव्हा टेक्सासमध्ये ह्यूस्टनला होता. २०१४ मध्ये त्याने एका एकट्याने काम करणाऱ्या कारागिराकडे नाव नोंदवले आणि तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याचा नंबर लागला. या क्षेत्रात तीन वर्षे म्हणजे फार नव्हे. किंमत २,८०० डॉलर.

पाते ३.६ इंचांचे, म्हणजे साधारण ९१ मिमी. पोलाद स्वीडनच्या डॅमास्टीलचे, म्हणजे पावडर धातुशास्त्राने बनवलेले न गंजणारे डमास्कस. दोन पोलादांचे थर आम्लात बुडवल्यावर वेगवेगळे काळवंडतात आणि नक्षी उठून दिसते. कारागिराने पाणी देऊन, म्हणजे तापवून-थंड करून, ते ६० रॉकवेलच्या (कडकपणाचे माप) आसपास आणले होते. चौकट ६एएल-४व्ही टायटॅनियमची, पुढे झिरकोनियमचा काळा बोल्स्टर (मुठीच्या पुढच्या टोकाचा धातूचा भाग) आणि मुठीवर मॅमथच्या हस्तिदंताच्या दोन पट्ट्या. हजारो वर्षे गोठलेल्या मातीत पडून खनिजे शोषल्यामुळे या हस्तिदंताच्या सालीकडच्या थराला निळसर, हिरवट, तपकिरी छटा येतात. त्या छटांसाठीच लोक पैसे मोजतात.

लॉक फ्रेमलॉक पद्धतीचा. पात्याच्या एका बाजूची टायटॅनियमची चौकटच चिरून तिची पट्टी, म्हणजे लॉकबार, आतल्या बाजूला किंचित वाकवलेली असते. पाते उघडले की ही पट्टी सरकून पात्याच्या बुडख्यामागे, म्हणजे मुठीत राहणाऱ्या टोकामागे, येऊन बसते. मायकेल वॉकरने १९८०च्या दशकात रुळवलेल्या लायनरलॉकमध्ये हेच काम मुठीच्या आतला पातळ पत्रा करतो. ख्रिस रीव्हने सेबेन्झा या चाकूत अख्खी चौकटच त्या कामाला लावली आणि तो प्रकार जगभर पसरला.

या लॉकला कुलूप म्हणण्यापेक्षा पाचर म्हणावे. सुतार चौकट घट्ट करायला ठोकतो तीच. बुडख्याचे मागचे तोंड साधारण ८ अंशांनी तिरपे घासलेले असते. लॉकबार त्या उतारावर आडवा सरकतो आणि मध्ये फट उरली नाही की थांबतो. पात्याला पुढे जायला जागा नसते, कारण बुडख्याचे दुसरे तोंड स्टॉप पिनवर, म्हणजे पाते अडवणाऱ्या खिळीवर, टेकलेले असते. पुढचे सगळे या ८ अंशांवर अवलंबून आहे.

चाकू आला तेव्हा लॉकबार बुडख्याच्या जाडीच्या (४ मिमी) सुमारे ४० टक्के आत बसत होता. मालकाने त्या वेळी एक फोटो काढून ठेवला होता. पुढे सर्वांत जास्त उपयोग त्या फोटोचा झाला.

पहिली चार वर्षे चाकू बहुतेक कपाटातच होता. टेक्सासमध्ये साडेपाच इंचांपर्यंतचे पाते बाळगण्यात अडचण नव्हती आणि १ सप्टेंबर २०१७ पासून त्याहून लांब चाकूंवरचेही बरेच निर्बंध उठले, तरी मालक तो शनिवार-रविवारीच बाहेर काढत असे. २०२० मध्ये कारागीर वारला. कार्यशाळा बंद झाली, यंत्रे विकली गेली, आराखडे कोणाकडे गेले ते समजले नाही. २०२१ मध्ये मालक नोकरीसाठी न्यूयॉर्कला आला आणि तिथून चाकू रोज खिशात फिरू लागला.

अडचण

न्यूयॉर्कमधल्या पहिल्याच हिवाळ्यात लॉक चिकटू लागला. पाते उघडे, बंद करायला जावे तर लॉकबार जागचा हलत नाही, अंगठ्याला वळ उठतो. टायटॅनियम पोलादावर दाबून घासले की त्याचे कण पोलादाला धरतात, त्यामुळे असे होते. नव्या फ्रेमलॉकमध्ये तर हे नेहमीचे आहे. यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. बुडख्याचे तोंड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, त्यावर मऊ शिसपेन्सिल फिरवायची आणि चाकू पन्नासेक वेळा हलक्या हाताने उघडबंद करायचा. ग्राफाइट मधे राहतो, पृष्ठभाग एकमेकांना रुळतात आणि एक-दोन आठवड्यांत चिकटणे थांबते.

मालकाने ४०० नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि बुडख्याचे तोंड बोटाने घासले.

बोट मऊ असते. बोटाखालचा कागद कडांवर जास्त घासतो, मध्ये कमी. सपाट तोंडाला पोट आले. निघालेले पोलाद पाच-सहा शतांश मिमी, म्हणजे केसाच्या जाडीइतकेही नाही. पण ८ अंशांच्या उतारावर फटीतला एक मिमी म्हणजे लॉकबारचा सात मिमी आडवा प्रवास (८ अंशांचा टॅन्जंट ०.१४). त्यामुळे तोवर वापराने ४५ टक्क्यांवर आलेला लॉक एका संध्याकाळी ५५ टक्क्यांवर गेला. चिकटणेही थांबले, म्हणून मालकाला उपाय बरोबर वाटला.

नंतरची दोन वर्षे त्याने चाकू भरपूर वापरला. कापायला कमी, झटकायला जास्त. फ्लिपर, म्हणजे पात्याच्या बुडख्याचा मुठीबाहेर आलेला कान, बोटाने दाबला की पाते खटकन उघडते, आणि तो आवाज ज्याला आवडतो त्याचा हात स्वस्थ बसत नाही. दिवसाला शंभर वेळा धरले तरी दोन वर्षांत सत्तर हजार ठोके होतात. एरवी ते पूर्ण पृष्ठभागावर पडले असते. इथे पोट आलेल्या तोंडामुळे एका अरुंद रेषेवर पडले. टायटॅनियम ३६ रॉकवेलच्या आसपास, पोलाद ६०. झिजणार कोण हे उघडच होते.

२०२३ च्या शेवटी लॉक ८५ टक्क्यांवर पोचला. एकदा पुठ्ठ्याचा खोका फोडताना पात्याचा पाठीकडचा भाग हलकासा टेकला आणि लॉक सुटला. बोट वाचले, कारण फ्लिपरचा तो कान तर्जनीवर आदळून पाते अडले. या कानाला लोक शोभेचा समजतात.

निदान

मालकाने हात लावण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याकडून पत्राने सूचना मागवल्या. हा शहाणपणा त्याला दोन वर्षे उशिरा सुचला. त्याने घरी केलेल्या तीन चाचण्या अशा:

पहिली, मार्करची. बुडख्याच्या तोंडावर काळ्या मार्करची शाई लावायची, चाकू दहा वेळा हळू उघडबंद करायचा आणि भिंगातून पाहायचे. निरोगी लॉकमध्ये शाई लॉकबारच्या टोकाच्या जवळजवळ पूर्ण रुंदीत पुसते. इथे मधोमध एक बारीक रेघ निघाली होती.

दुसरी, हळू उघडण्याची आणि झटक्याने उघडण्याची. हळू उघडल्यावर लॉक ८० टक्के, झटक्याने ८५. पाच टक्क्यांचा हा फरक सांगतो की पाचर नीट बसत नाही, धक्क्याने पुढे सरकते.

तिसरी, पाठीवरच्या दाबाची. पाते पूर्ण उघडे, मूठ अशी धरायची की पात्याच्या बंद होण्याच्या वाटेत एकही बोट नाही, आणि पाठ लाकडी ठोकळ्यावर हळूहळू दाबायची. ठोकायचे नाही. काही लोक पाठ टेबलावर आपटून लॉक तपासतात, आणि चांगला लॉकही त्या चाचणीने खराब होऊ शकतो. इथे तळहाताच्या दाबालाच लॉकबार सरकताना दिसला.

पिव्हॉट, म्हणजे पाते जिच्यावर फिरते ती खीळ, हाही सैल होता, पण ते दुय्यम. अडकित्त्याची खीळ सैल झाली की सुपारी कापताना पाती आडवी हलतात, तसेच पाते आडवे हलत होते. पिव्हॉटचा स्क्रू पाव फेरा आवळल्यावर ते थांबले. लॉकचे घसरणे तसेच राहिले.

तोलून पाहिलेले पर्याय

विकून टाकणे. घसरणारा लॉक सांगून, कमी किमतीत. पहिला विचार हाच होता आणि तो हस्तिदंतावर अडला. न्यूयॉर्कच्या २०१४ च्या कायद्यात हत्तीबरोबर मॅमथच्या हस्तिदंताचीही खरेदी-विक्री बंद आहे. बाळगायला हरकत नाही, वारसाला देता येते. विकता येत नाही. मॅमथ नामशेष असल्याने साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही आणि टेक्सासमध्ये चाकू घेताना काहीच आड आले नव्हते. मालकाने वस्तू घेतली एका राज्यात आणि अडकला दुसऱ्यात. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीतही मॅमथ कायद्याच्या कक्षेत आहे, आणि अमेरिकेतली बरीच मराठी माणसे याच राज्यांत राहतात.

पुण्याला भावाकडे नेऊन ठेवणे. वडिलांच्या पंचाहत्तरीला जाणार होताच. भारतीय शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची नोंद आहे आणि हा चाकू त्याहून कितीतरी लहान, म्हणून मालक निर्धास्त होता. दिल्लीची अधिसूचना मात्र वेगळी. तिथे बटणाचे, गरारीचे किंवा इतर यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू ७.६२ सेंमी लांबी आणि १.७२ सेंमी रुंदीपासूनच धरले जातात. रामपुरी डोळ्यांसमोर ठेवूनच ही भाषा आली असावी. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहराशहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात साधा चाकूही सार्वजनिक जागी नेता येत नाही. पण खरा अडसर पुन्हा हस्तिदंतच होता. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावरची बंदी मॅमथच्या हस्तिदंतालाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले. व्यापार नाही, घरची वस्तू आहे, हे मुंबईच्या विमानतळावर रात्री दोन वाजता सीमाशुल्क अधिकाऱ्याला समजावत बसण्यात अर्थ नव्हता. पर्याय बाद झाला.

लॉकबार आणखी आत वाकवणे. हा सल्ला सर्रास दिला जातो. लॉक ढिला म्हणून त्याचा ताण वाढवायचा. पण लॉकबार कमी जोराने ढकलत होता म्हणून घसरत नव्हता. बसायला सपाट जागा नव्हती आणि उतारावर जेमतेम जागा उरली होती. ताण वाढवला असता तर तो ८५ वरून ९५ वर गेला असता आणि लवकरच पलीकडच्या चौकटीला टेकला असता.

लॉकबारच्या टोकाला पोलादी तुकडा बसवणे. टोक कातून तिथे कडक पोलादाचा तुकडा स्क्रूने लावतात. पोलादावर पोलाद, चिकटणे नाही, झीज नगण्य, आणि पुढे तुकडा बदलताही येतो. आजचे बरेच कारागीर सुरुवातीपासूनच असे करतात. यांत्रिकदृष्ट्या सर्वांत पक्का उपाय हाच. अडचण एवढीच की कातलेले टायटॅनियम परत येत नाही. कारागीर गेलेला, त्याचे आणखी चाकू बनणार नाहीत, आणि त्यावर दुसऱ्याच्या हातची कायमची खूण राहणार.

दुसऱ्या कारागिराकडून नवे पाते. आराखडा नाही, म्हणजे जुने पाते मोजून उलट काढायचे. ७०० डॉलरच्या पुढचा अंदाज आला. नव्या पात्याचा चाकू मूळ कारागिराचा म्हणायचा का, हा वाद वेगळाच.

मोठी स्टॉप पिन. पिन जाड केली की बुडखा थोडा अलीकडे थांबतो, मागचे तोंड लॉकबारच्या जवळ येते आणि पाचर लवकर बसते. जुनी पिन जपून ठेवली तर बदल पूर्ण उलटवता येतो.

काहीच न करणे. कपाटात ठेवायचा आणि खिशात दुसरा चाकू. या पर्यायाकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही, पण मालकाने पाहिले आणि अर्धा स्वीकारलाही.

निर्णय आणि त्यामागचे गणित

ठरले असे: बुडख्याचे तोंड यंत्रावर सपाट करायचे, स्टॉप पिन मोठी बसवायची, लॉकबारच्या टोकावर टंगस्टन कार्बाइडचा थर द्यायचा. पिन किती मोठी, यावर दोन आठवडे पत्रव्यवहार चालला.

तोंड सपाट करताना ०.०३ मिमी पोलाद जाणार होते, म्हणजे लॉक आणखी पाच टक्के आत. कार्बाइडच्या थराची जाडी सुमारे ०.०२ मिमी, म्हणजे साडेतीन-चार टक्के परत. लॉक पुन्हा ४५ टक्क्यांवर आणायचा तर उरलेले ४१ टक्के पिनने भरून काढायचे. चार मिमीच्या ४१ टक्के म्हणजे १.६४ मिमी, गुणिले ०.१४, म्हणजे ०.२३ मिमी. एवढी त्रिज्या वाढवायची, व्यासात ०.४६ मिमी. (पिनचा आणि लॉकचा स्पर्श पिव्हॉटपासून सारख्याच, सुमारे ७ मिमी अंतरावर होता, म्हणून हिशेब इतका सरळ.)

इथे मालक खूश झाला होता. दुरुस्ती करणाऱ्याने त्याला चाकूच्या दुसऱ्या टोकाकडे पाहायला सांगितले.

या चाकूत उघडताना आणि बंद करताना पाते एकाच पिनवर थांबते. पिन जाड झाली की बंद पातेही थोडे वर थांबते. पिव्हॉटपासून ७ मिमीवर ०.२३ मिमी म्हणजे १०० मिमीवर, टोकापाशी, ३.३ मिमी. बंद अवस्थेत टोक मुठीच्या काठाखाली २.८ मिमी होते. म्हणजे लॉक घासण्याआधीसारखा झाला असता आणि टोक अर्धा मिमी बाहेर डोकावले असते. खिशात हात घालताच ते समजले असते.

शिवाय डिटेंट. लॉकबारवर बसवलेली छोटी गोळी बुडख्यातल्या भोकात अर्धवट उतरते आणि पाते मिटलेले धरून ठेवते. पाते वर थांबले की गोळी भोकाच्या काठावर अडकते, कमी उतरते, पकड कमी होते.

म्हणून मध्यम मार्ग: मूळ ४.७६ मिमीच्या जागी ५.०१ मिमीची पिन. त्रिज्येत ०.१२५ मिमी वाढ, लॉक २२ टक्के परत, टोक १.८ मिमी वर, काठाखाली १ मिमी शिल्लक. लॉक कुठे येईल? ८५ अधिक ५ वजा २२ वजा ४, म्हणजे ६४ टक्के. ४० नव्हे. कागदावर हे अपुरे वाटते, पण सपाट तोंडावर बसलेला ६४ टक्क्यांचा लॉक पोट आलेल्या तोंडावरच्या ४५ टक्क्यांच्या लॉकपेक्षा कितीतरी भरवशाचा.

पोलादी तुकडा पुढच्या वेळेसाठी राखला. उलटवता येणारा उपाय आधी, न येणारा नंतर.

काय केले

चाकू मालकाने उघडला नाही. त्याला उघडावासा वाटत होता, त्याच्या स्क्रूंची टी-६ आणि टी-८ मापाची बिटे घरात होती. पण पिव्हॉटच्या स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) होते आणि ते सोडवायला सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूवर दहा-पंधरा सेकंद धरावे लागते. हस्तिदंताच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवलेल्या. टायटॅनियम उष्णता सावकाश वाहून नेतो, म्हणून जोखीम कमी. शून्य मात्र नाही. इपॉक्सी ६०-७० अंशांपासूनच मऊ पडू लागते आणि हस्तिदंत कोरड्या उष्णतेने तडकतो. थंड स्क्रू जोर लावून फिरवला तर टी-६चे डोके गोल होते. तिन्ही नुकसाने भरून न येणारी.

चाकू रजिस्टर्ड मेलने, २,८०० डॉलरच्या विम्यासह पाठवला. साधा घडीचा चाकू अमेरिकेच्या टपालाने पाठवता येतो, बटणाच्या चाकूवर निर्बंध आहेत. बरोबर २०१७ चा फोटो, सध्याची मापे आणि ‘दुरुस्तीसाठी, मालकी तीच’ असे स्पष्ट लिहिलेले पत्र, म्हणजे हस्तिदंताचा हस्तांतर झाला असे कोणी म्हणू नये.

दुरुस्ती करणाऱ्याने पाते चौकटीतून सोडवल्यावर प्रथम पोट मोजले: मधला भाग कडांपेक्षा ०.०३ मिमी उंच. पाते फिक्स्चरमध्ये ८ अंशांवर धरून सरफेस ग्राइंडरवर, भरपूर पाण्याखाली, थोडे थोडे घासले. घाई केली असती तर कडा तापून पोलादाचे पाणी उतरले असते, म्हणजे ते मऊ पडले असते. नवी पिन कडक पोलादाची, दोन्ही टोके मूळ मापाची, फक्त मधला भाग जाड, म्हणजे चौकटीतली भोके अस्पर्श. तीन पिना बनवल्या: ४.९१, ५.०१ आणि ५.११. मधली बसली. ५.११ लावून पाहिल्यावर डिटेंट इतका हलका झाला की चाकू उलटा झटकताच पाते उघडले.

खर्च २४० डॉलर, येण्याजाण्याचा विमा धरून ३३० च्या आसपास. वेळ सात आठवडे.

परिणाम

लॉक ६५ टक्क्यांवर आला, हळू उघडा की झटक्याने. मार्करची शाई पूर्ण रुंदीत पुसली. ठोकळ्यावरच्या दाबाला लॉकबार जागचा हलला नाही.

डिटेंट मात्र पूर्वीइतका घट्ट राहिला नाही, आणि त्यामुळे खिशाचा प्रश्न नव्याने आला. एरवीही न्यूयॉर्क शहरात क्लिप बाहेर दिसेल असा चाकू खिशाला अडकवणे ही चूकच. शहराच्या नियमाप्रमाणे ४ इंचांखालचे पाते बाळगता येते, पण ते उघडपणे दिसता कामा नये, आणि खिशाच्या काठावरची चकाकणारी क्लिप म्हणजे चाकू दिसणेच. मालक दोन वर्षे तसाच भुयारी रेल्वेने फिरला होता. मनगटाच्या झटक्याने उघडणाऱ्या चाकूंवर लावला जाणारा ‘ग्रॅव्हिटी नाइफ’चा राज्य कायदा ३० मे २०१९ ला रद्द झाला होता, हे त्याचे नशीब, त्याआधी अशाच चाकूंसाठी सुतार-इलेक्ट्रिशियन पकडले जात.

क्लिप काढली. चाकू आता पातळ चामड्याच्या खोळीत असतो आणि खोळीसकट खिशात जातो, तेही सणासुदीला. रोजच्या खिशात सेबेन्झा ३१ आला. त्याच्या लॉकच्या टोकाला सिरॅमिकची गोळी असते, त्यामुळे टायटॅनियम थेट पोलादावर घासत नाही, आणि मालकाने तो स्वतः उघडून साफ करावा अशीच त्याची रचना आहे. बनवणारी कंपनी चालू आहे, सुटे भाग मिळतात. मॅमथची निळाई त्यात नाही.

एक नुकसान दुरुस्तीशी संबंध नसलेले निघाले. न्यूयॉर्कच्या घरातले हिवाळ्यातले हीटिंग हवा वाळवंटासारखी कोरडी करते. ह्यूस्टनच्या दमट हवेत सुखी असलेल्या उजव्या पट्टीवर मागच्या स्क्रूपासून निघालेली ११ मिमीची बारीक चीर भिंगाखाली सापडली. तिच्यात पातळ सायनोअॅक्रिलेट (झटकन चिकटणारा गोंद) सोडून ती थांबवली. डबीत आता ४९ टक्के आर्द्रता राखणारी पुडी असते.

वेगळे काय करता आले असते

निर्णायक क्षण २०२३ चा नव्हता, २०२१ च्या त्या संध्याकाळचा होता. शिसपेन्सिलीने काम झाले असते. बुडख्याचे तोंड हा चाकूचा एकमेव भाग आहे जिथे घरगुती घासकामाला जागाच नाही. पात्याला ओरखडा पडला तर तो दिसतो तरी, इथले नुकसान सातपट होऊन दुसरीकडे दिसते.

त्याआधीचा क्षण ऑर्डरचा. २०१४ मध्ये कारागिराने विचारले होते की चाकू वापरायचा की ठेवायचा. मालकाने ‘दोन्ही’ म्हटले, आणि कारागिराने दोन्हीचे थोडे थोडे दिले: उघडा टायटॅनियम लॉक, कारण जुन्या पद्धतीच्या संग्राहकांना तो आवडतो, आणि फ्लिपर, कारण तरुणांना तो आवडतो. झटकायचाच होता तर पोलादी तुकडा ऑर्डरमध्येच मागायला हवा होता. किंमत शंभर-दीडशे डॉलरने वाढली असती. ठेवायचाच होता तर हस्तिदंत ठीक, पण मग आपण कोणत्या राज्यात किती वर्षे राहणार याचा अंदाज हवा. नोकरीवर फिरणाऱ्या माणसाला तो नसतो. अशाने मोकुटी (थरांचे नक्षीदार टायटॅनियम), कार्बन फायबर किंवा मोत्यासारखा चमकणारा शिंपला घ्यावा, तेही शिंपल्याच्या प्रजातीची खात्री करून.

एकट्या कारागिराकडून घेताना एक जास्तीची स्टॉप पिन, वॉशरचा एक संच आणि बुडख्याचे माप लिहिलेला कागद मागून ठेवावा. बहुतेक जण हसतात आणि देतात. या कारागिरानेही दिला असता. मालकाने मागितला नाही, आणि २०२० नंतर मागायला कोणी राहिले नाही.

फोटोचे मात्र त्याने आता नेमाने धरले आहे. दर सहा महिन्यांनी, त्याच कोनातून, लॉक उघड्या अवस्थेत. ६५ टक्के अजून ६५ च आहेत. ७५ झाले की पोलादी तुकड्याचा विषय पुन्हा निघेल. दुरुस्ती करणाऱ्याने त्यासाठीची मापे लिहून दिली आहेत.

चाकू मुलीच्या नावाने मृत्युपत्रात घातला आहे, कारण न्यूयॉर्कमध्ये राहून तो याच वाटेने दुसऱ्याकडे जाऊ शकतो. डबीत चाकूखाली प्लास्टिकची एक छोटी पिशवी आहे. तिच्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले आहे: मूळ पिन, ४.७६ मिमी, टाकू नये.